मागे जोडलेल्या गाडीचा विमा कोणाचा?

मोटार विम्याच्या दावे विभागात नोकरी झाली की डोळ्यांना एक वळण कायमचं लागतं. गाडी दिसली की तिच्यामागे काय जोडलंय ते आधी बघितलं जातं. बडोद्याहून पादऱ्याकडे किंवा डभोईकडे जाताना ट्रॅक्टरमागे ट्रॉली हेलकावे खात चाललेली दिसली, की ट्रॉलीच्या बाजूवर नंबर रंगवलाय का हे मी आजही पाहते. पुष्कळदा नसतो. अशा ट्रॉलीखाली घरातलं माणूस गेलं, तर मागे राहिलेल्यांना भरपाईसाठी किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, ते मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलेलं आहे. ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा नसतो, आणि वकिलांना भांडायला तेवढं पुरतं.

म्हणून जर्मनीतल्या मुलाने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "आई, कारमागे लावायला एक ट्रेलर घेतोय, जुना आहे, स्वस्तात मिळतोय", तेव्हा मी किंमत विचारली नाही. विचारलं, "नोंदणी कोणाच्या नावावर? विमा कोणाचा?" तो म्हणाला, "त्याला कसला विमा? कारचा आहे की. लेस्टरच्या दादाकडे पण असाच आहे."

ट्रेलर हवा होता तो गणपतीसाठी. श्टुटगार्टजवळच्या त्यांच्या गावात पंधरा-वीस मराठी घरं आहेत. मखर, ढोल, मोठी पातेली, सतरंज्या हे सगळं दरवर्षी भाड्याच्या व्हॅनमधून हॉलवर न्यायचं आणि पुन्हा तळघरात ठेवायचं, यात पैसे आणि दमछाक दोन्ही. आम्ही उभयतां उन्हाळ्यात तिकडे जाणार होतोच. मी त्याला बजावलं, कागद बघितल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही.

लेस्टरचा माझा भाचा चुकीचं सांगत नव्हता. ब्रिटनमध्ये घरगुती वापराच्या छोट्या ट्रेलरला स्वतःची नोंदणीच लागत नाही. ओढणाऱ्या कारचाच नंबर पिवळ्या पाटीवर लिहून मागे लावायचा, आणि कारच्या पॉलिसीत जोडलेल्या ट्रेलरचं थर्ड पार्टी, म्हणजे तिऱ्हाइताच्या नुकसानीचं, संरक्षण बहुतेक वेळा धरलेलं असतं. पण तोच ट्रेलर समुद्रापलीकडे न्यायचा म्हटलं की गोष्ट बदलते. १९६८ चा व्हिएन्ना रस्ते वाहतूक करार ब्रिटनमध्ये २८ मार्च २०१९ पासून लागू झाला. तेव्हापासून तो करार मानणाऱ्या देशांत जाताना, धंद्यासाठीचा ७५० किलोंवरचा आणि घरगुती असला तर ३,५०० किलोंवरचा ट्रेलर तिथल्या डीव्हीएलए या खात्याकडे नोंदवून, त्याची स्वतःची पाटी लावून, प्रमाणपत्र बरोबर ठेवावं लागतं. नेदरलँड्समध्ये ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरवर कारचाच नंबर पांढऱ्या पाटीवर चालतो, त्याहून जड असला तर मात्र वेगळी नोंदणी. जर्मनीत तर साध्या सामानाच्या ट्रेलरला, लहान असला तरी, स्वतःचा नंबर, स्वतःची कागदपत्रं, स्वतःचा विमा आणि ठरावीक मुदतीने तपासणी.

एका देशात जो कारचा नुसता भाग, तो शेजारच्या देशात स्वतंत्र वाहन. भाऊ, मित्र, ओळखीचे यांच्या सांगण्यावर इथेच माणूस फसतो, कारण प्रत्येकजण आपापल्या देशापुरतं खरंच सांगत असतो. आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा या बाबतीत जर्मनांच्या बाजूचा आहे. त्यात 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. इंजिन नसलं तरी नोंदणी वेगळी, आणि कलम १४६ खाली थर्ड पार्टी विमाही हवा. नोकरीत हे कलम मी इतक्या वेळा उघडलं की मुलाच्या ट्रेलरबद्दल ऐकताच तेच आठवलं.

विकणाऱ्याने पाठवलेले कागदांचे फोटो आम्ही दांडिया बाजारातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर पसरून पाहिले. छापून घेतले होते, कारण फोनवर बारीक आकडे नीट दिसत नाहीत. शब्द जर्मन असले तरी रकान्यांचे क्रमांक ठरलेले असतात, त्यामुळे अर्थ लावता येतो. कारच्या नोंदणीपत्रात ओ.१ या रकान्यात ब्रेक असलेला ट्रेलर किती वजनाचा ओढता येईल ते असतं, ओ.२ मध्ये ब्रेक नसलेला. मुलाच्या कारला ब्रेकवाला १,५०० किलोंपर्यंत चालत होता, बिनब्रेकचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे मखर आणि पातेल्यांसाठी ब्रेक असलेलाच हवा हे तिथेच ठरलं.

मुलाच्या मनात दोन ट्रेलर होते. एक १,३०० किलोंचा, एका आसाचा. दुसरा १,८०० किलोंचा, दोन आसांचा, लांबलचक, आणि किमतीत फारसा फरक नाही. त्याचा ओढा दुसऱ्याकडे. ह्यांनी कॅल्क्युलेटर काढला. जर्मनीतल्या बी वर्गाच्या, म्हणजे साध्या कारच्या, परवान्यावर ७५० किलोंवरचा ट्रेलर ओढायचा असेल तर कार आणि ट्रेलर मिळून ३,५०० किलोंच्या आत हवेत. कारचं कमाल वजन १,९५०. त्यात १,३०० मिळवले तर ३,२५०, बसतं. १,८०० मिळवले तर ३,७५०, नाही बसत. मुलगा फोनवर म्हणाला, "अहो बाबा, अर्धाच भरून नेऊ ना." पण कायदा त्या दिवशी भरलेलं वजन धरत नाही. कागदावर मंजूर केलेलं कमाल वजन धरतो. रिकामा नेला तरी तो १,८०० चाच. शिवाय त्याच्या कारला १,५०० वर ओढायची मुभाच नव्हती. परवाना वाढवण्यासाठी बी ९६ नावाचं एक दिवसाचं प्रशिक्षण तिथे आहे, त्यात ४,२५० किलोंपर्यंत मुभा मिळते, पण कारच झेपणार नसेल तर परवाना वाढवून काय करायचं? मोठा ट्रेलर तिथे बाद झाला.

भारतीय परवान्यावर जर्मनीत राहणाऱ्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात, सरळ बदलून मिळत नाही. मुलाने त्या दिलेल्या होत्या. ह्यांना मात्र तिथे थोडी गाडी चालवायची हौस होती, म्हणून दरजीपुऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. नमुना ४अ, पासपोर्ट, व्हिसा, १,००० रुपये फी, एक वर्षाची मुदत. पुस्तिका हातात आल्यावर ती मी सवयीने पहिल्या पानापासून वाचली. ती १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्यातली असते. बी वर्गात कारला फक्त हलका ट्रेलर जोडता येतो, आणि हलका म्हणजे ७५० किलोंपर्यंतच. त्यापुढचा ओढायला ई वर्गाचा शिक्का लागतो. ह्यांच्या पुस्तिकेत तो नव्हता. "मग ट्रेलर जोडलेला असताना तुम्ही चालवायचं नाही," मी सांगितलं, आणि त्यांनी ते एका शब्दात मान्य केलं.

तिकडे पोचल्यावर पहिलं काम, ट्रेलर डोळ्यांनी बघणं. विकणारे गृहस्थ वयस्कर, बागकामाचा कचरा वाहायला त्यांनी तो वापरलेला. दांडीवर चिखलाचा थर बसला होता. मी रुमाल ओला करून तो पुसला आणि चेसिस नंबर मोकळा केला. आपल्याकडे आरटीओत कागद ठेवून पेन्सिल घासून त्याची छाप घेतात. मी तशीच छाप घेतली आणि नोंदणीपत्राच्या दोन्ही भागांवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवलं. जर्मनीत कागद दोन असतात. पहिला भाग गाडीबरोबर ठेवायचा, दुसरा घरी जपून. हा दुसरा भाग हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे मुलाकडून मी विमानात बसण्याआधीच घोकून घेतलं होतं. चोरीच्या गाड्यांचे दावे बघितलेल्या बाईला एवढी सावधगिरी अंगवळणी पडलेली असते.

तपासणीची मुदत मात्र संपलेली होती. नंबराच्या पाटीवर एक गोल स्टिकर असतो, त्याच्या वरच्या टोकाला जो आकडा येतो तो महिना, मधला आकडा वर्ष. विकणारे म्हणाले, तुम्हीच करून घ्या, मी किंमत कमी करतो. मुलाला ते पटत होतं. मी अडून बसले. तपासणीशिवाय नवी नोंदणी होत नाही, आणि त्यात काय निघेल ते कोणाला ठाऊक? शिवाय जोवर जुना नंबर आणि जुना विमा त्यांच्या नावावर चालू आहे, तोवर त्यांनीच तो ओढून नेणं सगळ्यात सरळ. नाहीतर अल्प मुदतीची पाटी काढा, तीही तपासणी नसेल तर फक्त जवळच्या तपासणी केंद्रापर्यंतच चालते. हे त्यांना सांगितल्यावर गृहस्थांनी शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.

तपासणी केंद्रावर मी मुद्दाम गेले. लोक त्या तपासणीला नुसतं 'ट्यूफ' म्हणतात, मग ती कुठल्याही संस्थेने केलेली असो. तपासनीसाने दिवे, परावर्तक, टायर, आस, चौकट, कारच्या गोळ्यावर बसणारी जोडणी, सगळं पाहिलं. मग ब्रेक. अशा ट्रेलरचे ब्रेक कारच्या पेडलला जोडलेले नसतात. कार थांबायला लागली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, दांडी आत सरकते आणि त्या दाबाने ब्रेक लागतो. त्याशिवाय एक बारीक केबल असते. ट्रेलर चालता चालता निसटलाच तर ती ताणली जाऊन ब्रेक ओढते आणि मग तुटते. तपासनीसाने ती बोटाने उचलून दाखवली, तिचे काही तार उसवले होते. डाव्या आणि उजव्या चाकाचा ब्रेकही सारखा लागत नव्हता. नापास. दुरुस्ती करून एका महिन्याच्या आत परत दाखवायचं.

मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. आपल्याकडे ट्रॉली निसटून मागच्या मोटरसायकलवर गेल्याच्या फायली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्या फायलींतली ट्रॉली कोणी उचलून, तिची केबल हातात धरून कधी पाहिली होती? दुरुस्ती विकणाऱ्यांनीच करून दिली, फेरतपासणीत ट्रेलर पास झाला, तेव्हा पैसे दिले.

विम्याचं काम त्यामानाने लवकर झालं. कंपनीने एक सात अक्षर-अंकी क्रमांक दिला. त्याला ईव्हीबी म्हणतात. नोंदणी कार्यालय तो संगणकावर टाकून विमा आहे याची खात्री करून घेतं. कागदी पॉलिसी दाखवायची गरज नाही. हे मला फार आवडलं. विमा नसेल तर नोंदणीच होत नाही, आणि विमा बंद पडला तर कंपनी कार्यालयाला कळवते.

पण क्रमांक मिळाला म्हणजे विमा समजला असं नाही. मुलाला शेजारी बसवून मी कंपनीच्या प्रतिनिधीला एकेक विचारायला लावलं. ट्रेलर जोडलेला असताना अपघात झाला तर कोण देणार? उत्तर असं की १७ जुलै २०२० पासून तिथे नियम बदललाय. जखमी माणूस कारच्या किंवा ट्रेलरच्या, कोणत्याही विमा कंपनीकडे भरपाई मागू शकतो. पुढे त्या दोघींमधला हिशोब मात्र साधारणपणे ओढणाऱ्या कारच्या कंपनीवर पडतो. ट्रेलर नुसता ओढला जाण्यापलीकडे त्याच्यामुळेच धोका वाढला असेल तर वेगळं. म्हणूनच ट्रेलरचा हप्ता एवढा कमी. मग विचारलं, ट्रेलर सोडून उतारावर उभा केला आणि घसरत जाऊन कोणाला लागला तर? तिथे ट्रेलरचा स्वतःचा विमा उपयोगी पडतो. इजेसाठी कायद्याने किमान संरक्षण ७५ लाख युरोंचं. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर बडोद्याजवळच्या सावली तालुक्यातली, भरपाईच्या दाव्यातली एक विधवा बाई आली. तिला नुसतं एवढंच कळायला हवं होतं की दार कोणाचं ठोठवायचं. जर्मन कायद्याने जखमी माणसाला दोन्ही दारं उघडी ठेवली आहेत आणि भांडण कंपन्यांवर सोडलंय. मला यातली माणुसकी मोठी वाटते.

शेवटचा प्रश्न त्यांच्या गणपती मंडळाचा होता. मुलाच्या मित्रांना वाटत होतं की वर्गणीतून घेतलेला ट्रेलर "मंडळाच्या नावावर" असावा. रविवारी पोहे खाता खाता यावर बराच वाद झाला. संस्था नोंदणीकृत असेल तर तिच्या नावावर वाहन नोंदवता येतं, संस्थेच्या नोंदणीचा उतारा द्यावा लागतो. यांचं मंडळ तसं नोंदलेलं नाही. मग नाव एका माणसाचंच, आणि जबाबदारीही त्याचीच. मी म्हटलं, नाव माझ्या मुलाचं चालेल, पण मग तीन गोष्टी. ओढणाऱ्याचा परवाना आणि त्याच्या कारचं नोंदणीपत्र दर वेळी बघायचं. ट्रेलर कोणी कधी नेला त्याची वही ठेवायची. आणि कोणाकडूनही भाडं घ्यायचं नाही, कारण भाड्याने द्यायच्या वाहनाचा विमा वेगळा असतो आणि आपण तो घेतलेला नाही. एक मुलगी म्हणाली, "काकू, आपल्याच माणसांत एवढं कशाला?" मी तिला म्हटलं, "बाळा, रस्त्यावर जो सापडेल तो आपल्यातला नसेल ना." मग तिनेच वही आणायचं काम अंगावर घेतलं.

नोंदणी कार्यालयात वेळ आधी घेतलेली होती. पासपोर्ट आणि राहत्या पत्त्याचा दाखला, नोंदणीपत्राचे दोन्ही भाग, तपासणीचा अहवाल, ईव्हीबी क्रमांक, आणि वाहन कर बँकेतून परस्पर वळता करून घ्यायची लेखी संमती. कर दर २०० किलोंमागे ७.४६ युरो. आमच्या १,३०० किलोंचे सात टप्पे धरले गेले, वर्षाचे ५२ युरो. तो तिकडे सीमाशुल्क खातं गोळा करतं, याचं ह्यांना फार नवल वाटलं. नंबर मिळाल्यावर बाहेरच्या दुकानातून पाटी ठोकून आणायची, ट्रेलरला एकच, मागची. ती आत नेली की बाई तिच्यावर सरकारी शिक्का आणि तपासणीचा स्टिकर चिकटवतात. शिक्का नाही तोवर ती नुसती पत्र्याची पट्टी.

वापराचे नियम मुलाने सूनबाईच्या हस्ताक्षरात ट्रेलरच्या झाकणाच्या आत चिकटवले आहेत. वेग ताशी ८० किलोमीटर. शंभराची परवानगी काढता येते, पण त्यात टायर सहा वर्षांहून जुने नकोत वगैरे अटी आहेत, आणि मखर घेऊन शंभरने पळायची गरजच काय. कारपासून सोडलेला ट्रेलर सार्वजनिक रस्त्यावर दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. त्यासाठी एका मित्राच्या अंगणात जागा ठरली.

बडोद्याला परतल्यावर हे सगळं मी जाऊबाईंना सांगत होते. त्यांच्या माहेरची शेती सावलीकडे आहे, कापूस आणि तूर. ऐकता ऐकता त्या म्हणाल्या, "आमच्या भावाच्या ट्रॉलीचं बघ ना एकदा." मी गेले. ट्रॅक्टरची पॉलिसी होती, व्यवस्थित, वेळेवर भरलेली. तिच्यात ट्रॉलीचा उल्लेखच नव्हता. एजंटाने सांगितलं होतं, "ट्रॅक्टरनो वीमो छे ने, बस." ट्रॉल्या दोन. एकीचं आरसी होतं, चेसिस नंबरही स्पष्ट. ते आरसी देऊन ती पॉलिसीत चढवून घेतली, जादा हप्ता फार नव्हता. विमा नसताना वाहन रस्त्यावर आणल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आहे. पण त्या भावांना मी दंडाचं सांगितलं नाही. त्यांना सांगितलं की कापसाच्या हंगामात मजूर ट्रॉलीत बसून येतात, ते आधी बंद करा. ट्रॉली मालासाठी आहे, आणि तिच्यात बसलेल्या माणसांच्या भरपाईवरून खटले वर्षानुवर्षं चालतात. मजुरांना आणायला आता ते टेम्पो सांगतात.

आरसीवाल्या ट्रॉलीच्या बाजूला तिचा नंबर आणि मागे ट्रॅक्टरचा नंबर, असे दोन्ही रंगवून घेतले. कलम ६१ मध्ये दोन्ही सांगितलेले आहेत आणि पेंटर गावातच होता.

दुसरी ट्रॉली गावातल्याच वेल्डरने ओळखीत बनवून दिलेली. तिला ना विक्रीचं प्रमाणपत्र, ना बनवणाऱ्याचं योग्यता प्रमाणपत्र. म्हणजे नमुना २१ नाही, नमुना २२ नाही, मग नोंदणीचा नमुना २० भरून उपयोग काय? चांगली मजबूत आहे, पण रस्त्यासाठी नाही. ती आता शेतातल्या शेतात चारा वाहते. मान्यता असलेल्या कारखान्याकडून नवी घ्यायची का, यावर त्यांच्या घरी बोलणं चालू आहे. दोन ठिकाणचे दर मी त्यांना आणून दिलेत, आणि नवी घेतली तर शोरूममधून रस्त्यावर येण्याआधी तिचा चेसिस नंबर मला फोनवर पाठवायचा, एवढं कबूल करून घेतलंय.